अधिकारपद आणि भगवंताचा भरवसा
(अभ्यासपाठ)

वाचकहो, या महिन्याच्या पाठासाठी जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता वारकऱ्याचा नव्हे असे वाटेल. आपला वारकरी म्हणजे गळ्यात माळ, हाती टाळ, मुखी नाम. त्याचा आणि अधिकाराचा काय संबंध? पण जरा गावाकडे नजर टाका. सप्ताहाची व्यवस्था कोणाकडे आहे? माळकऱ्याकडे. सोसायटीचा चेअरमन कोण? पुष्कळ ठिकाणी माळकरीच. सरपंचाच्या खुर्चीवर, दूधसंघावर, शाळेच्या समितीवर, फडाच्या आणि दिंडीच्या प्रमुखपदी आपलीच माणसे आहेत. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही असे म्हणावे, त्यांच्याकडेही एक घर असतेच. नवरा गेल्यावर चार लेकरे नि दोन एकर जमीन सांभाळणारी बाई हीसुद्धा अधिकारीच आहे. तिच्या एका शब्दावर चार जिवांचे बरेवाईट अवलंबून असते.

अशा माणसाला एक शंका रात्री झोपू देत नाही. ती अशी, की मी देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचे? निर्णय तर मलाच घ्यायचा आहे. सही माझी आहे. चुकले तर शिव्या मला बसणार आहेत. मग "कर्ता करविता पांडुरंग" हे नुसते तोंडाने म्हणायचे, की त्याला काही खरा अर्थ आहे?

या शंकेची दोन खोटी उत्तरे गावोगाव ऐकू येतात, ती आधी बाजूला काढू.

पहिले खोटे उत्तर अहंकाराचे. "देव देव्हाऱ्यात ठीक आहे, पण कारभार आमच्या अकलेनं चालतो." असा माणूस यश आले की छाती फुगवतो आणि अपयश आले की दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो.

दुसरे खोटे उत्तर आळसाचे, आणि ते जास्त फसवे आहे, कारण ते भक्तीचे कपडे घालून येते. "आपण कोण करणारे? विठोबा बघेल." असे म्हणून हा गृहस्थ हिशेबाची वही उघडत नाही, भांडण मिटवायला जात नाही, विहिरीचा गाळ काढीत नाही. आणि पाणी आटले की म्हणतो, देवाची इच्छा. अहो, हा भरवसा नव्हे. आपले काम देवाच्या डोक्यावर टाकून स्वतः मोकळे होणे आहे.

खरे उत्तर या दोहोंच्या मधले नाही, ते या दोहोंपेक्षा वेगळेच आहे. ते शोधायला आपल्याला लांब जायचे नाही. आपल्या नगर जिल्ह्यातच, २०२४ सालापासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्यातच, ते तीन ठिकाणी सापडते. नेवासे, ताहराबाद आणि चौंडी.

नेवाशाचा खांब

प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तिथल्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर माउलींनी गीतेचा अर्थ सांगितला, आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. माउलींचे वय तेव्हा पंधराच्या आसपास. समोर श्रोते संत, मागे गुरुबंधू, शेजारी गुरू निवृत्तिनाथ. एवढ्या लहान वयात एवढ्या मोठ्या सभेचे मुखत्व अंगावर आले. पण साऱ्या ज्ञानेश्वरीत माउली "मी सांगितले" असे कुठे मिरवीत नाहीत. जे झाले ते निवृत्तिनाथांच्या कृपेने, असे ते पुन्हा पुन्हा सांगतात. आणि शेवटी पसायदान मागताना स्वतःसाठी काही मागत नाहीत. मागतात ते विश्वासाठी.

आता एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. माउलींनी श्रेय गुरूंना दिले म्हणून स्वतःचे कष्ट कमी केले काय? नाही. एकेका श्लोकावर किती दृष्टांत, किती विचार! कष्ट सगळे आपले आणि श्रेय सगळे गुरूंचे, असा तो हिशेब आहे. आळशी माणूस हा हिशेब उलटा करतो. तो कष्ट देवाला देतो आणि श्रेय स्वतःकडे ठेवतो.

जी गीता तिथे सांगितली गेली तिचा प्रसंग तरी कोणता? अर्जुन दोन सैन्यांमध्ये उभा. त्याच्यावर सगळ्यांची मदार, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या हातून धनुष्य गळाले. त्या वेळी भगवंतांनी काय केले? धनुष्य स्वतः उचलले नाही. "तू बस, मी लढतो" असे म्हटले नाही. लगाम मात्र शेवटपर्यंत हातात ठेवले. घोडे देवाने हाकायचे आणि बाण अर्जुनाने सोडायचे, अशी ती वाटणी होती. तिसऱ्या अध्यायात सांगितले की मोठी माणसे जसे वागतात तसे बाकीचे वागतात, म्हणून त्यांनी कर्म टाकू नये. अकराव्यात सांगितले की तू निमित्त आहेस. ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाला, एकाच रथात सांगितली आहेत, हे विसरू नये. निमित्त आहेस म्हणून काम सोडू नकोस, आणि काम करतोस म्हणून मालक होऊ नकोस. आपल्या पाठाचा सिद्धांत एवढाच आहे. आता तो माणसांच्या जगण्यात कसा उतरला ते पाहू.

ताहराबादची लेखणी

राहुरी तालुक्यात ताहराबाद म्हणून गाव आहे. तिथे महिपतीबोवा होऊन गेले, जन्म १७१५, समाधी १७९०. भक्तिविजय, संतलीलामृत, भक्तलीलामृत ही संतचरित्रे त्यांची. आज ज्या घरात पोथी लागते त्या घराला महिपतींचे नाव ठाऊक नाही असे होत नाही.

हे महिपती ताहराबादचे कुलकर्णी होते. कुलकर्णी म्हणजे गावचे दप्तर सांभाळणारा. कोणाची जमीन किती, कोणाकडे सारा किती थकला, हे सगळे त्याच्या लेखणीत. पाटलाच्या खालोखाल मान. परंपरेने गोष्ट सांगतात ती अशी, की एके दिवशी बोवा पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. "पूजा आटोपून येतो" म्हटले तर शिपाई ऐकेना, वेडेवाकडे बोलू लागला. बोवा उठले, कचेरीत गेले, काम नीट पुरे करून दिले, आणि घरी येऊन लेखणी पांडुरंगापुढे ठेवली. यापुढे ही लेखणी संतांच्या चरित्राखेरीज दुसऱ्या कशासाठी चालणार नाही, असा नेम केला. तो शेवटपर्यंत पाळला.

इथे दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, रागाच्या भरात बोवांनी हातचे काम अर्धे टाकले नाही. आधी गेले, काम केले, मग सोडले. दुसरी, सोडून रिकामे बसले नाहीत. ज्या लेखणीने साऱ्याचे आकडे मांडले त्याच लेखणीने पुढे हजारो ओव्या लिहिल्या. १७६२ साली भक्तिविजय पुरा झाला. पद सोडले, सेवा सोडली नाही.

मग वारकऱ्याने पद सोडावे हाच धडा घ्यायचा काय? थांबा. त्याच जिल्ह्यात, त्याच काळात, त्याच्या उलट बाजूचे उदाहरण उभे आहे.

चौंडीची लेक

जामखेड तालुक्यातले चौंडी हे गाव. तिथले पाटील माणकोजी शिंदे. त्यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. महिपतीबोवांपेक्षा त्या दहा वर्षांनी लहान. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या घरात, त्यांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी लग्न झाले. आणि मग एकामागून एक घाव बसत गेले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. बाई सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्याने विनवून मागे वळवले, की तू गेलीस तर आम्ही कोणाकडे पाहायचे? बाई राहिल्या. मल्हाररावांनी सुनेला पडद्याआड न बसवता वसूल, फौजेचा सरंजाम, तोफखाना यांची कामे सांगितली, शिकवली. १७६६ साली मल्हाररावही गेले. नातू मालेराव गादीवर आले, ते १७६७ साली वारले. बाईंचा हा एकुलता एक मुलगा.

बघा, नवरा नाही, सासरा नाही, मुलगा नाही. आणि समोर माळव्याचा कारभार, हजारो माणसांची पोटे, मोठी फौज. ही खुर्ची बाईंनी मागितली नव्हती. ती येऊन पडली.

त्या वेळी दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत यांनी सल्ला दिला, की एखादे लहान मूल दत्तक घ्या नि कारभार आमच्यावर सोपवा. बाईंनी मानले नाही. तेव्हा दिवाणांनी राघोबादादांना बोलावले आणि दादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले. आता भरवशाची कसोटी लागली. बाईंच्या जागी आळशी भक्त असता तर देवघराचे दार लावून बसला असता. अहंकारी असता तर घाईने तलवार उपसून धावला असता. बाईंनी काय केले? फौज सज्ज ठेवली. तुकोजी होळकरांना फौजेचा मुखत्यार केले. इतर सरदारांना पत्रे पाठवली, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली. आणि दादांना निरोप धाडला, तो आजही गावोगाव सांगतात, की बायकांशी लढून जिंकलात तर त्यात मोठेपणा नाही आणि हरलात तर जगात तोंड दाखवायला जागा नाही. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी दादांना साथ दिली नाही. पेशव्यांनी बाईंचा कारभार मान्य केला. लढाई न होता संकट टळले.

यात देव कुठे होता? अहो, सगळीकडे. भिऊन न डगमगणारे चित्त त्याने दिले, आणि तयारी करायचे हात बाईंचे होते. लगाम देवाचे, बाण अर्जुनाचे. नेवाशाची वाटणी इथे दिसते ती अशी.

पुढे बाईंनी महेश्वराला, नर्मदेच्या काठी, आपले ठाणे केले आणि १७९५ सालापर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, कारभार पाहिला. त्यांचा दिवस कसा जाई हे जॉन माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, त्यांना पाहिलेल्या लोकांना विचारून, १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. पहाटे उजाडण्याआधी उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग स्वतःचे साधे जेवण. थोडा विसावा. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार, ज्याला जे सांगायचे त्याने समोर येऊन सांगावे. संध्याकाळी पुन्हा उपासना आणि थोडा फराळ. मग रात्री परत कामकाज. म्हणजे नाम आणि काम यांची गुंफण होती. काम संपल्यावर उरलेला वेळ देवाला, असे नव्हते. आधी देव, मग काम, मग देव, मग काम. आपल्या सत्तेच्या प्रत्येक वापराचा जाब ईश्वरापुढे द्यायचा आहे, अशी त्यांची धारणा होती, असेही माल्कमने नोंदवले आहे.

हे जाब देणे म्हणजे भरवशाची दुसरी बाजू. आपण देवावर भरवसा ठेवतो असे म्हणतो. पण देवाने आपल्यावर जो भरवसा ठेवला, ही माणसे आपल्या हाती दिली, त्याचे काय?

भरवशाची चार लक्षणे

बाईंच्या कारभारातून भरवशाची चार लक्षणे निघतात. ती एकेक पाहू.

पहिले लक्षण : ठेव ओळखणे. होळकरांच्या घरात दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा. खासगीची जहागीर पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे दिली होती, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. बाईंनी देशभर जो धर्म केला तो या खासगीतून. काशीला विश्वेश्वराचे देऊळ उभे केले, सोमनाथाला, गयेला बांधकामे केली, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा केल्या. आपल्या पंढरीत चंद्रभागेकाठचा होळकर वाडा आणि त्यातले राममंदिर हेही बाईंचेच. रयतेचा पैसा आपल्या पुण्यासाठी त्यांनी उधळला नाही. ही गोष्ट सप्ताहाच्या वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्याने रोज आठवावी. देवाच्या नावाने जमलेल्या पैशात आपल्या नावाची पाटी लावणे हा भरवशाला लागलेला किडा आहे.

दुसरे लक्षण : दुबळ्याची बाजू. एक सधन सावकार निपुत्रिक वारला. त्याच्या संपत्तीत तुकोजींना वाटा हवासा वाटला. सावकाराची विधवा महेश्वराला धावली. बाईंनी तिचे म्हणणे ऐकले, संपत्ती तिचीच ठरवली, आणि तुकोजींना इंदुरापासून तळ हलवायला सांगितले. विचार करा, तुकोजी म्हणजे फौजेचा धनी. त्याला दुखवणे म्हणजे आपल्याच तलवारीची धार बोथट करणे. एका अनोळखी विधवेसाठी कोण करील? ज्याला खुर्ची टिकवायची चिंता आहे तो करणार नाही. ज्याने खुर्चीची चिंता देवावर टाकली आहे तोच करू शकेल. भरवसा माणसाला असा मोकळा करतो.

तिसरे लक्षण : शत्रूतही देवाची लेकरे पाहणे. माळव्याच्या डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी प्रसंगी सक्ती केली, पण तिथेच थांबल्या नाहीत. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी ठरावीक पट्टी घ्यायचा भिल्लांचा जुना हक्क, ज्याला भिलकवडी म्हणत, तो मान्य केला. त्याबदली वाटेची राखण आणि चोरीस गेलेला माल परत मिळवून देणे ही जबाबदारी त्यांच्यावर घातली. जो वाट मारी तोच वाटेचा राखणदार झाला. मोठी कठोर शिक्षा करण्याची वेळ आली की ईश्वराने घडवलेले आपण मोडताना फार जपले पाहिजे, असा बाईंचा विचार असे.

चौथे लक्षण : स्तुती न पचवणे. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचला आणि वाचून दाखवला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतला. मग, मी एक दुबळी पापी बाई, अशा अर्थाचे बोलून तो ग्रंथ नर्मदेत सोडायला सांगितला. ग्रंथकर्त्याकडे पुन्हा लक्ष दिले नाही. त्यांच्या आज्ञापत्रांवरही स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव असे, असे परंपरा सांगते. कोणी म्हणेल, बाई शिवभक्त, आपण विठ्ठलाचे. पण आपल्या विठ्ठलाने मस्तकी शिवलिंग धरले आहे, आणि आपली गुरुपरंपरा आदिनाथापासून निघते. हरिहरांत भेद करणे वारकऱ्याला शोभत नाही.

डोळ्यांतले पाणी

इथे एक कठीण गोष्ट सांगायची आहे, ती टाळून पाठ पुरा होणार नाही. पुष्कळांना वाटते, देवावर भरवसा असला की दुःख होत नाही. आणि मग दुःख झाले की ते घाबरतात, आपली भक्ती खोटी होती की काय?

अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई. तिचा मुलगा तरुणपणी गेला. मग १७९१ साली तिचे पती यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. एके काळी मल्हाररावांनी सुनेला विनवले होते, तसे आता बाईंनी मुलीला विनवले. तिने मानले नाही. नदीकाठी बाई उभ्या होत्या, दोन माणसांना त्यांना धरून ठेवावे लागले. त्यानंतर तीन दिवस त्या जवळजवळ अन्नाशिवाय, एक शब्दही न बोलता बसून होत्या, असे माल्कम लिहितो.

पासष्टी ओलांडलेली, जन्मभर पूजाअर्चा केलेली बाई अशी कोसळली. तिचा भरवसा तुटला होता काय? नाही. तो तुटला असता तर चौथ्या दिवशी ती उठली नसती. ती उठली. लेकीजावयासाठी छत्री बांधली, आणि पुढची चार वर्षे दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकली. सतीची ती चाल चुकीचीच होती आणि ती बंद झाली हे बरे झाले. पण आपल्या विषयापुरते एवढे लक्षात ठेवा. भरवसा म्हणजे डोळे कोरडे ठेवणे नव्हे. रडून झाल्यावर पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसण्याचे बळ, त्याला भरवसा म्हणतात.

शंका आणि समाधान

शंका : महिपतीबोवांनी पद सोडले, अहिल्याबाईंनी धरले. दोघेही भक्त. मग आम्ही कोणाचे अनुकरण करायचे?

समाधान : पद सोडणे किंवा धरणे यांत पुण्य नाही. ते कोणासाठी, यात आहे. आपल्या मनाला तीन प्रश्न विचारावे. पहिला, मी सोडले तर कोणा दुबळ्यावर अन्याय होईल काय? बाईंनी सोडले असते तर रयत दिवाणाच्या हाती गेली असती. महिपतीबोवांचे दप्तर दुसरा सांभाळू शकत होता, पण संतचरित्रे दुसरा लिहू शकत नव्हता. दुसरा प्रश्न, हे पद माझे नाम हिरावून घेते काय, की नामाला जागा ठेवते? तिसरा, मी सोडतो आहे तो देवाकडे जाण्यासाठी, की कटकटीपासून पळण्यासाठी? पळणाऱ्याला पळून गेल्यावरही शांती नसते. तो ओट्यावर बसून नव्या माणसाच्या चुका मोजतो. यावरून ओळखावे.

शंका : निर्णय घेताना देवाची इच्छा कळायची कशी? आम्हाला काही साक्षात्कार नाही.

समाधान : आषाढीच्या वाटेवर पालखीचा मुक्काम पडतो तेव्हा समाजआरतीच्या वेळी काय घडते ते आठवा. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, समाधान झाले की टाळ थांबतात, मगच आरती. म्हणजे एवढ्या मोठ्या सोहळ्यात देवाची आरतीसुद्धा एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी खोळंबते. देवाची इच्छा कळायची असेल तर प्रथम कोणाचा टाळ अजून वाजतो आहे ते ऐका. त्याच्याकडे जा. सज्जनांना विचारा. मग देवापुढे बसून निर्णय घ्या, आणि घेतल्यावर फळाची चिंता करू नका.

शंका : आणि निर्णय चुकला तर?

समाधान : चुकला तर दुरुस्त करावा, लोकांसमोर कबूल करावा. ज्याची प्रतिष्ठा देवाकडे ठेव आहे त्याला चूक कबूल करणे जड जात नाही. ज्याने ती स्वतःच्या खिशात ठेवली आहे त्यालाच ती सांडायची भीती.

विण्याचा दृष्टांत

शेवटी आपल्या घरचा एक दृष्टांत. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पहाऱ्याप्रमाणे विणेकरी बदलतात. नवा येतो, जुना आपल्या गळ्यातला वीणा त्याच्या गळ्यात घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो नि घेणारा देणाऱ्याच्या. वय, जात, पैसा कोणी बघत नाही. रात्री दोनच्या पहाऱ्याला समोर एकही श्रोता नसतो, तरी विणेकरी उभाच असतो. आणि कोणी असे म्हणत नाही, की वीणा मी चांगला सांभाळतो, आता तो माझ्याच गळ्यात राहू द्या.

अधिकारपद हा असाच वीणा आहे. आपण होऊन तो ओढून घ्यायचा नाही. गळ्यात आला तर खाली टाकायचा नाही. कोणी ऐको न ऐको, आपल्या पहाऱ्याला झोप काढायची नाही. आणि वेळ झाली की पाया पडून पुढच्याच्या गळ्यात घालायचा. नाम आपल्याआधी चालू होते, आपल्यानंतरही चालू राहणार. ते चालवणारा वेगळा आहे.

ज्या जिल्ह्यात लोणीला १९५० साली शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना चालू केला, त्या जिल्ह्यात पदांना तोटा नाही. महाराष्ट्रात २०११ सालापासून ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या, त्यामुळे काल चुलीपुढे असलेली कितीतरी माउली आज सभेत समोर बसते. तिला वाटते, मला काय कळतं? तिने चौंडीची वाट आठवावी. चौंडीच्या लेकीलाही सगळे आधी येत नव्हते. तिने शिकून घेतले, विचारून घेतले, पहाटे देवापुढे बसली आणि दिवसा लोकांपुढे. कागद वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा, पण न समजता सही करू नये. नवऱ्याने किंवा दिराने पुढे केलेल्या कागदावर डोळे मिटून सही करणे हा देवावरचा भरवसा नव्हे, तो देवाने आपल्यावर ठेवलेल्या भरवशाचा भंग आहे.

चिंतनासाठी

हरिपाठ झाल्यावर घरातल्या मंडळींनी पुढील प्रश्नांचा विचार करावा.

१. माझ्या हाती कोणाकोणाचे बरेवाईट आहे? त्यांची नावे घेऊन देवाला सांगता येतील काय?

२. माझ्याकडे आलेल्या पैशात, वस्तूंत, मानात ठेव कोणती आणि माझे कोणते?

३. माझ्या गावात, माझ्या घरात कोणाचा टाळ अजून वाजतो आहे? मी त्याच्याकडे शेवटचा कधी गेलो?

४. उद्या हा वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेला तर मी त्याच्या पाया पडू शकेन काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मनापासून "हो" असे आले, तर समजावे की भरवसा खरा आहे. "नाही" आले तरी निराश होऊ नये. विटेवरचा तो अठ्ठावीस युगे कमरेवर हात ठेवून वाट पाहतो आहे. आपल्यालाही शिकायला तो वेळ देईल.

रामकृष्ण हरी.